तिसऱ्यांदा विचारल्यावर

रंगराव इंगवल्यांनी सकाळी उठल्या उठल्या फोनवरचं 'सांधे' हे बटण दाबलं आणि थोड्याच वेळात घरातला शिरा संपला. शिरा मुलीच्या होणाऱ्या सासरच्यांसाठी केला होता. मग केळी संपली. त्यानंतर बरणीतले बेसनाचे लाडू. शेवटी ते कच्च्या शेंगदाण्यांकडे वळले, तेव्हा बायकोनं, शालनताईंनी, त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"बोटं वळाय लागली का?"

रंगरावांनी मूठ मिटून बघितली. बोटं कालच्याइतकीच ताठ होती. "बोटं न्हाईत," ते शेंगदाणे आवरत म्हणाले, "पण भूक एकदम झकास."

कोल्हापुरात लग्न म्हटलं की फेटा आलाच, आणि त्यांच्या पेठेत फेटा म्हटलं की रंगराव. पण गेली काही वर्षं संधिवातानं त्यांची बोटं धरली होती. शरीराची संरक्षक फौज शत्रू सोडून आपल्याच सांध्यांवर चालून गेली होती. मुलीचं, केतकीचं, लग्न महिन्यावर आलेलं. नवरदेवाचा फेटा आपल्या हातानं बांधायचा, हे ती पाळण्यात होती तेव्हाच ठरलेलं. नवरदेव मात्र तेव्हा ठरलेला नव्हता, त्याबद्दल पुढे. "शिवलेला तयार फेटा आणू की, टोपीसारखा घालायचा," असं मेव्हण्यानं सुचवलं, तेव्हापासून मेव्हण्याशी बोलणं बंद होतं.

म्हणून रंगरावांनी मानेत फोनवरच्या बटणानं चालणारी विजेची कडी बसवून घेतली होती.

मेंदूच्या बुंध्यातून व्हेगस नावाचा एक मज्जातंतू निघतो. तो मानेतून उतरतो आणि घसा, हृदय, फुफ्फुसं, पोट असा सगळ्यांच्या घरी हिंडत जातो. डॉ. निलोफर शिकलगारांच्या दवाखान्यात त्याला सगळे 'भटक्या' म्हणत. दिसायला एक दोर, पण आत लाखभर धागे, आणि प्रत्येक पुंजक्याचं काम वेगळं. एका पुंजक्याला हलकासा विजेचा झटका दिला की ती चवताळलेली फौज शांत होते. जुनी यंत्रं अख्ख्या दोरालाच झटका देत. म्हणजे एका माणसाला बोलवायचं म्हणून सगळ्या गल्लीच्या बेल वाजवायच्या. नवी कडी नेमकी एकच बेल वाजवायची. फक्त कुठली बेल कुणाची, हे प्रत्येक माणसात वेगळं असतं. त्यासाठी आधी नकाशा काढावा लागतो, आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी यंत्राला दिसत नाहीत. त्या माणसानंच सांगायच्या असतात.

नेमका तिथेच रंगरावांचा स्वभाव आडवा आला.

नकाशाच्या दिवशी ते इस्त्रीचे कपडे घालून गेले होते. डॉक्टर एकेक पुंजका चेतवत होत्या आणि विचारत होत्या.

"काका, काही जाणवतंय?"

"काय न्हाई ओ," रंगराव म्हशीच्या आवाजात म्हणाले. हा पुंजका घशाचा, एवढं डॉक्टरांना न सांगताही कळलं.

"आता? भूक लागल्यासारखं होतंय?"

"छे छे! आत्ताच नाष्टा करून आलोय."

"बोटांत ऊब वाटते?"

"असू दे ओ. तुम्ही तुमचं करा निवांत."

पुढचा पुंजका हृदयाचा निघाला. नाडी मंदावली. "मी जरा आडवा होतो, चालंल न्हवं?" एवढी परवानगी घेऊन मगच रंगराव बेशुद्ध पडले.

संगणकाला रीतभात शिकवलेली नव्हती. काका 'नाही' म्हणाले म्हणजे नाही. भुकेचा पुंजका भुकेचा नाही असं ठरलं, आणि रिकाम्या राहिलेल्या 'सांधे' या नावावर तो चढला.

शिऱ्याची बातमी कळल्यावर डॉक्टर स्वतः घरी आल्या. कडी तपासली, फोन तपासला, सगळं ठीक होतं. एव्हाना लग्न दोन आठवड्यांवर आलं होतं आणि रंगरावांना शर्टाची बटणंही शालनताई लावून देत होत्या.

"चहा ठेवते," शालनताई म्हणाल्या.

"नको नको, आत्ताच घेतला," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलेलं नव्हतं.

"घोटभर घ्या."

"खरंच नको हो."

"घ्या की ओ, निम्मा कप."

"बरं… अगदी थोडा."

भरलेला कप आला, बशीत खारी आली. डॉक्टरांनी खारी बुडवली आणि त्या तशाच थांबल्या. खारी मोडून चहात पडली.

"काकू," त्या हळूच म्हणाल्या, "मी आत्ता तुमच्याशी दोनदा खोटं बोलले."

"त्यात काय खोटं?" शालनताईंना नवल वाटलं. "पहिल्यांदा विचारल्यावर कोण हो म्हणतंय व्हय?"

डॉक्टरांनी रंगरावांकडे पाहिलं. रंगरावांनी पंख्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नवा नकाशा काढायला घेतला. या वेळी प्रत्येक प्रश्न तीनदा.

"काका, भूक लागली?"

"छे छे."

"लागली का भूक?"

"न्हाई ओ, कशाला उगंच."

"काका, खरंच, भूक लागली का?"

रंगरावांनी पोटावर हात ठेवला. "जरा… म्हंजे, तुमची अडचण होणार नसंल तर."

डॉक्टरांनी टाळी वाजवली. संगणकानं पुंजक्याचं नाव बदललं. दुपारपर्यंत सगळा नकाशा नव्यानं उभा राहिला आणि आठवड्याच्या आत रंगरावांनी आपल्या शर्टाचं वरचं बटण स्वतः लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं. शालनताई तोंड फिरवून भांडी घासायला गेल्या. भांडी आधीच घासून झाली होती.

कडी बनवणाऱ्या परदेशी कंपनीला डॉक्टरांनी प्रश्न तीनदा विचारण्याची सूचना पाठवली. 'आमच्याकडे आजवर एकही रुग्ण असा खोटं बोललेला नाही,' असं उत्तर आलं. 'हे खोटं नाही, ही रीत आहे,' डॉक्टरांनी उलट लिहिलं. त्यावर कंपनीनं विचार करायला मुदत मागितली.

लग्नाच्या सकाळी नवरदेव रंगरावांसमोर खुर्चीत बसला. ओजस खराडे. शेतावर औषध फवारणारी ड्रोन बनवायचा, केतकीला हसवायचा, आणि तांबड्या रश्श्यात साखर घालून खायचा. पहिल्यांदा घरी जेवायला आला तेव्हा त्यानं ती सगळ्यांदेखत घातली होती. "कसा वाटला मुलगा?" असं केतकीनं रात्री विचारलं, तेव्हा रंगराव म्हणाले होते, "चालतंय की." केतकीनं एकदाच विचारलं होतं.

फेट्याचं कापड रंगरावांच्या बोटांतून पाण्यासारखं धावत होतं. एक वेढा, दुसरा वेढा, पीळ, पुन्हा वेढा. कितीतरी दिवसांनी हात मोकळे झाले होते, त्यामुळे जोरही जरा जास्त लागत होता.

"घट्ट होतोय का?"

"नाही बाबा, मस्त."

"बघा हं. घट्ट होतोय?"

"छे, एकदम छान बसलाय."

रंगराव थांबले. हल्ली त्यांना सवयच लागली होती. "ओजसराव, घट्ट होतोय का?"

"बाबा, मला डाव्या डोळ्यानं दिसायचं बंद झालंय."

रंगरावांनी वेढा सैल केला. ओजसचे कान हळूहळू मूळ रंगावर आले. तो आरशातून रंगरावांकडे पाहत राहिला. पाळण्यापासून ठरलेल्या या फेट्याची गोष्ट केतकीनं त्याला कधीच सांगितली होती, आणि दवाखान्यातल्या तीन-तीनदा विचारण्याचीही.

"बाबा, मीही एक विचारू? मी तुम्हाला पसंत आहे ना?"

"हे काय विचारणं झालं! चालतंय की."

"पसंत आहे?"

"अहो, सोन्यासारखा मुलगा!"

दारात मुंडावळ्या बांधलेली केतकी येऊन उभी होती. बाहेर सनईवाला सूर लावत होता. रंगरावांच्या लक्षात आलं, की आयुष्यात त्यांना ही असली गोष्ट कुणी तिसऱ्यांदा विचारलीच नव्हती, त्यामुळे तिसरं उत्तर काय आहे हे त्यांनी स्वतःही कधी बघितलेलं नव्हतं. ते रश्श्यातल्या साखरेचं असेल. किंवा त्या दिवशी केतकी जेवताना ठसका लागेपर्यंत हसली होती, त्याचं असेल.

पाठीवर सोडायच्या शेमल्याचं टोक रंगरावांच्या बोटांत तसंच राहिलं. ओजस खुर्चीत मागे वळला.

"बाबा, खरंच, मी तुम्हाला पसंत आहे का?"