तहमीनाची खोटी बॅटरी

हे कुणालाही सांगा, तोंडावर हसेल. पण शिरूरच्या त्या चार्जर तपासायच्या शेडमध्ये, दोन हजार चार साली, हे घडलंय म्हणजे घडलंय!

दौंडचा शाकीर मोबाइलच्या चार्जरचे बोर्ड घेऊन पहिल्यांदा तिथं आला, आणि खोकं टेकवलं ते थेट एका जेवणाच्या डब्यावर. डब्यातली उकडलेली अंडी... जाऊ द्या. डबा तहमीनाचा. बोर्ड तपासायचं काम तिचंच.

"दिसत न्हाई का तुम्हाला?"

"आत्तापतूर न्हवतं दिसत," तो म्हणाला — आणि स्वतःच दचकला.

तपासणी म्हणजे काय, तर बोर्डाला रिकामी बॅटरी जोडायची आणि ती भरून तांबडा दिवा हिरवा होईपर्यंत वाट बघायची. तीन तास! पास झाल्याची चिठ्ठी घेतल्याशिवाय शाकीरला परतता येत नसे. दर गुरुवारी तीन तास, समोरासमोर. वाटेतल्या मांडवगणच्या रस्त्यावरचे खड्डेसुद्धा त्याला मऊ लागायला लागले, आता बोला!

एका गुरुवारी बघतो तर टेबलावर बॅटरीच नाही. नुसती एक काळी डबी. तिला एक नॉब, एक काटा.

"हे काय?"

"खोटी बॅटरी," तहमीना मान वर न करता म्हणाली. "नॉब फिरवला की काटा चढतो, आन् चार्जरला वाटतं बॅटरी भरत आली. भरल्यावर तो गप बंद होतो का, एवढंच बघायचं. चार मिन्टं."

"चार?" शाकीरच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं. "आन् तीन तास?"

"संपले."

सुपरवायझर हौसराव मात्र खुशीत होते. "सकाळी हिच्या ड्रॉवरात सापडली मला! शाकीर, पुढच्या बारीला माल टेंपोत टाका. तुमची खेप वाचली."

काहीतरी करायचं म्हणून शाकीरनं डबी उलटी केली. तळाला तहमीनाच्या अक्षरात तारीख... सहा महिन्यांपूर्वीची!

"सहा महिनं... ही तयार व्हती?"

"व्हय." तिचे कान लाल झाले. "पण खरी बॅटरी... सावकाश भरती ना."

घ्या! माणसानं उभं राहावं की मटकन बसावं? हौसराव चिठ्ठी आणायला आत गेले. तिनं बोर्ड जोडला. तांबडा दिवा लागला. नॉब फिरला. तीन व्होल्ट... साडेतीन... पावणेचार...

"तहमीना, मी... घरी सांगू का? तुमच्याकडं माणसं पाठवू?"

नॉब थांबला. तिनं दोन्ही हात ओढणीत घेतले, मान खाली घातली. हो नाही, ना नाही. डबीला कुणाचा हात नाही बरं का! आणि काटा — आपोआप चढायला लागला! चार... चार पॉइंट एक... दोन... हिरवा दिवा! शाकीर जो खुर्चीवरून उडाला, तो थेट—

"थांबा आप्पा!" माझी गोष्ट तोडत मध्येच ओरडली ती शिरीन, त्या दोघांचीच लेक. "खोट्या बॅटरीचा काटा आपोआप चढतच न्हाई! ओढणीत हात एकच व्हता. दुसऱ्यानं आम्मीनंच नॉब फिरवला!"