डिकीतला उजेड

सकाळचे नऊ वाजून गेले तरी धुकं हटायला तयार नव्हतं. अशा वेळी एक उंच, धुळकट हिरवी गाडी दिवे लावूनच दुकानाच्या दारात येऊन थांबली. उतरलेल्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं आणि एकदम विचारलं,

"डिकीत सूर्य बसवून मिळेल का?"

ठिणगी तेव्हा एका टेम्पोच्या डॅशबोर्डखाली आडवी झाली होती. ती तशीच बाहेर सरकली, कोपराने केस मागे केले आणि म्हणाली, "सूर्य संपलाय. एलईडी पट्टी चालेल?"

तिचं खरं नाव दुसरंच होतं. सात वर्षांची असताना तिने बॅटरीच्या दोन टोकांवर पाना ठेवला होता, तेव्हापासून बाबा तिला ठिणगी म्हणत, आणि बाबांमुळे सगळी गल्ली. गाड्यांच्या वायरिंगचं हे दुकान बाबांनी उभं केलेलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका गाडीच्या वायरी उलट्या जोडल्या, डॅशबोर्ड जळला. त्याच दिवशी त्यांनी टेस्टर लेकीच्या हातात दिला, "माझी नजर आता कामाची नाही" एवढंच म्हणाले, आणि मागच्या खुर्चीत रेडिओ घेऊन बसले ते बसलेच.

"पट्टी चालेल," तो माणूस म्हणाला, "पण उजेड सगळीकडे सारखा पडला पाहिजे. सावली नको. झगझगाट नको. आणि कमी-जास्त करता आला पाहिजे."

ठिणगीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ नखं, आणि डोळे... जरा जास्तच लक्ष देऊन बघणारे. लोक डिकीत दिवा मागायचे तो सामान दिसावं म्हणून. सावली पडू नये म्हणून कुणी हट्ट धरला नव्हता.

"असं आहे तरी काय डिकीत? लग्न लावायचंय का तिथे?"

"ओळखा. तीन वेळा चुकलात तर मी एक प्रश्न विचारणार."

तिने मागचं दार वर उचललं. डिकी जवळजवळ रिकामी होती – एक घडीची खुर्ची, आणि कुलूप लावलेली एक चपटी काळी पेटी. तिने प्लास्टिकच्या पात्याने दाराच्या आतलं कव्हर सोडवायला घेतलं. टक्, टक्, टक् – एकेक क्लिप सुटत गेली.

"चित्रं विकता."

"एक चूक."

"दागिने-घड्याळं?"

"दोन. घड्याळांचं मात्र जवळून गेलात, काच असते त्यात."

"काच... जादूगार आहात!"

तो इतक्या जोरात हसला की मागे बाबांनी रेडिओचा आवाज कमी केला.

"तीन झाल्या. पण तुम्ही म्हणालात ते मला आवडलं. राहू द्या, जादूगारच म्हणा."

ठिणगीनेही हसू दाबलं. कव्हर निघालं होतं. गाडीच्या छतातून एक रबरी नळी दारात येत होती आणि तिच्यातून वायरींची जुडी. डिकीच्या दिव्याची तपकिरी वायर तिला हवी होती, पांढऱ्या बारीक रेघेची. अगदी तशीच, पिवळ्या रेघेची दुसरी वायर नंबरप्लेटच्या दिव्याला जात होती. तिने एक वायर चिमटीत धरली, हात लांब केला, मान मागे घेतली, डोळे बारीक केले. मग दुसरी धरली.

"आता माझा प्रश्न," जादूगार हळूच म्हणाला. "वायर इतकी लांब धरून का बघता?"

तिचा हात क्षणभर थांबला. मागच्या खुर्चीकडे तिची नजर गेली... बाबांनी ऐकलं तर नाही?

"सवय आहे," ती तुटकपणे म्हणाली. "ग्राहकांनी बाहेर बसायचं असतं."

तो मुकाट्याने बाहेर जाऊन बसला. स्पिरिटने पत्रा पुसून तिने दोन पट्ट्या चिकटवल्या, बटण बसवलं, वायर जोडली. दिवे लागले. दुधासारखा उजेड डिकीभर पसरला. तो खूश होऊन बघत राहिला, पट्ट्यांकडे आणि मग तिच्याकडेही. निघताना काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण ती टेम्पोखाली शिरली होती.

दोन दिवस ठिणगीच्या डोक्यात ती काळी पेटी होती. जेवतानाही.

"काय असेल हो बाबा?"

"तुला पेटीचं पडलंय की पेटीवाल्याचं?" बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "जादूगार बोलतोय. गाडी बंद पडलीय. डिकीतले दिवे लागत होते, पण गाडीचे पार्किंगचे दिवे लावले तरच. मी सकाळपासून लावून ठेवले होते... आता काहीच लागत नाही, गाडीही चालू होत नाही."

ठिणगीने हातातला टेस्टर खाली ठेवला. पार्किंगचे दिवे लावले तरच. म्हणजे पिवळी रेघ. तिने नंबरप्लेटची वायर जोडली होती. त्या दिवशी धुक्यामुळे त्याच्या गाडीचे दिवे चालूच होते, म्हणून दुकानात सगळं झकास दिसलं. बाबांच्या हातून झालं होतं तसंच, अगदी तसंच...

तिने पत्ता विचारून घेतला आणि बॅटरी, केबल घेऊन ती स्कूटरवर बसली.

पत्ता निघाला एका पॅकिंगच्या कारखान्याचा. पत्र्याची मोठी शेड, आत मिणमिणते दिवे, आणि मधोमध ती हिरवी गाडी. मागचं दार उघडं होतं. दाराला एक पांढरा तक्ता टांगलेला, वर भलंमोठं अक्षर, खाली खाली बारीक होत गेलेल्या ओळी. सहा पावलांवर कामगार बायकांची रांग. चपटी काळी पेटी उघडी होती आणि तिच्यात गोल गोल काचा ओळीने मांडलेल्या. दिवे गेल्यामुळे जादूगार एका हाताने मोबाईलचा टॉर्च तक्त्यावर धरून उभा होता.

"खालची ओळ वाचा, मावशी."

"ती ओळ आहे होय? मला वाटलं मुंग्या."

रांग हसली. ठिणगी मात्र जागच्या जागी उभी राहिली. तो चष्म्याचे नंबर काढत होता. म्हणून सारखा उजेड हवा होता. आणि म्हणून... तो प्रश्न. त्याने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं!

तिने केबल लावली, गाडी चालू करून दिली. दिवे लागले, रांग पुढे सरकली. शेवटची मावशी जाईपर्यंत ती घडीच्या खुर्चीशेजारी उभी होती.

"बॅटरी जुनी झालीय वाटतं," तो म्हणाला. तिला सुटकेची वाट करून देत होता, हे तिला स्पष्ट कळलं.

"बॅटरीचा दोष नाही," ती म्हणाली. "माझा आहे. मी चुकीची वायर जोडली. रेघ पांढरी की पिवळी ते मला दिसलं नाही." मग थांबून, खालच्या आवाजात, "बाबांचंही असंच सुरू झालं होतं. दुकान मी चालवते. माझी नजर गेली तर..."

तिने केबल गुंडाळायला घेतली.

"बसा," त्याने खुर्ची पुढे केली.

"मला नको."

"संध्याकाळी डोकं दुखतं?"

"... रोज."

"बसा."

ती बसली. त्याने चष्म्याची एक जड, गोल चौकट तिच्या नाकावर ठेवली आणि पेटीतली काच तिच्यात सरकवली. त्याच्या बोटांना स्पिरिटचा वास येत होता. तिच्याच दुकानासारखा.

"हे बरं, की हे?"

"पहिलं."

"हे, की हे?"

"दुसरं... थांबा. पुन्हा दाखवा."

त्याने काच पुन्हा घातली. ठिणगीने खिशातून वायरचा एक तुकडा काढला आणि डोळ्यांजवळ धरला. हात लांब न करता. तपकिरी रंगावरून एक पांढरी रेघ चालली होती, धाग्यासारखी, सरळ, स्वच्छ. खिशातूनच आणखी एक तुकडा काढला. पिवळी. तिने दोन्ही पाहिल्या, मग उलट्या करून पाहिल्या.

"हा आजार नाही," तो सांगत होता. "तुम्हाला लांबचं छान दिसतं. जवळचं बघायला डोळ्यांना जोर लावावा लागतो, एवढंच. बाबांचं मी तपासल्याशिवाय सांगणार नाही. पण तुमचा हा नुसता नंबर आहे."

"नुसता नंबर," ती पुटपुटली आणि तिने मान वर केली.

तो अगदी समोर वाकलेला होता. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक खूण. डाव्या भुवईत एकच पांढरा केस. आणि ते डोळे, आता लक्ष देऊन बघायचं सोडून गोंधळलेले.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. जवळचं बघतेय."

त्याच्या हातातली काच पेटीत पडली.

चार दिवसांनी तो चष्मा घेऊन स्वतः दुकानात आला. आधी त्याने बाबांना खुर्चीतून उठवून उजेडात बसवलं. बाबांनी कुरकुर केली, मग निमूटपणे तक्त्यावरची सगळी अक्षरं वाचली, निम्मी चुकीची. त्याने टॉर्च धरून त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं.

"मोतीबिंदू आहे, काका. छोटं ऑपरेशन, मग दिसेल."

"दोन वर्षं मी उगाच रेडिओ ऐकला?" बाबा म्हणाले, आणि बराच वेळ कुणाकडेच न बघता चष्म्याच्या रिकाम्या डबीशी चाळा करत राहिले.

ठिणगी बाहेर गाडीपाशी गेली. नवा चष्मा नाकावर होता. आज वायर बदलायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. तो शेजारी उभा राहून बघत होता, आणि या खेपेला तिने त्याला बाहेर बसायला सांगितलं नाही.

"झालं," ती म्हणाली. "आता पार्किंगचे दिवे नकोत. दार उघडलं की उजेड."

"बघू." तो आत वाकला. तेवढ्यात दाराला तोलणारा गॅसचा दांडा सुस्कारा टाकून बसला आणि दार खाली यायला लागलं.

"अरे, डोकं सांभाळ तुझं!" ठिणगी ओरडली आणि दोन्ही हातांनी दार पेललं.

तो वाकलेलाच राहिला, दिव्याच्या उजेडात. वळून तिच्याकडे बघत.

"काय म्हणालीस?"

ती लाल झाली. "चुकून निघालं. सॉरी, तुम्ही..."

"ते नको," तो घाईघाईने म्हणाला. "पुन्हा 'तुम्ही'वर नको जाऊस. मी चार दिवस मनातल्या मनात 'तू'च म्हणतोय. तुला चष्मा द्यायला येतो म्हणालो, तो खरं तर दुसऱ्याच दिवशी तयार होता. काय बोलायचं ते ठरेना, म्हणून मी आलो नाही."

"मग ठरलं?"

"नाही."

वरून दाराचं ओझं, समोर तो, आणि ठिणगीच्या दंडांना कळ लागलेली. पण दार सोडावंसं तिला मुळीच वाटेना.

"ठरत नसेल तर ऐक," ती म्हणाली. "नवा दांडा यायला आठवडा लागेल. तोवर गाडी इथेच ठेव, आणि रोज संध्याकाळी तिला बघायला ये."

"गाडीला?"

"ते तू ठरव," ठिणगी म्हणाली. "पण आधी बाहेर ये रे, हात गेले माझे!"