खिडकीवरची वाटी

चवीवरून नवरा-बायकोत जेवढे खटके उडतात, तेवढे बहुधा दुसऱ्या कशावरून उडत नसतील. या दोघांनी त्यावर तोडगा काढला होता. ती भटारखान्यात, तो बाहेर जेवणाच्या दालनात. मध्ये भिंत, आणि भिंतीत ताटं सरकवायची चौकोनी खिडकी. कोणतंही पातेलं उतरलं की पहिली पळी ती एका छोट्या वाटीत काढायची आणि खिडकीच्या फळीवर ठेवायची. तो दालनाच्या बाजूने चाखायचा. त्याच्या मते शेगडीच्या धगीत उभं राहून कुणाला खरी चव कळत नाही. गिऱ्हाईक जिथे बसून जेवतं, तिथेच अन्न चाखावं. आणि तोंडाने काही म्हणायचं नाही. म्हटलं की ती झाकण आपटायची. जे कमी असेल ते वाटीशेजारी ठेवायचं: मिठाची बरणी, लिंबू, मिरपूड. सगळं जमलं असेल तर वाटी पालथी घालायची. बाकी संसारात दोघांनी एकमेकांना पुष्कळ ऐकवलं, पण खिडकीवर कधी भांडण झालं नाही.

मग ती साथ आली. शहरातल्या सगळ्या हॉटेलांची दालनं बंद झाली, फक्त पार्सल द्यायची परवानगी उरली. दोघांना एकाच आठवड्यात ताप भरला. दोघं इस्पितळात गेली आणि ती एकटी परत आली.

येताना वास आणि चव तिकडेच ठेवून आली. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. हळूहळू म्हणजे किती, ते त्यांनाही ठाऊक नसावं. कांदा चिरताना डोळ्यांना धार लागायची, पण नाकाला पत्ता नाही. पाव म्हणजे चिंधी आणि चहा म्हणजे गरम पाणी. हे तिने कुणाला सांगितलं नाही. धाकटा दीर रस्त्याकडच्या दारात टेबल मांडून पार्सलं देत होता आणि त्याचा जीव आधीच टांगणीला लागला होता. शेजारचा चपलांचा दुकानदार जागेवर टपून बसलेला. स्वयंपाकिणीची जीभच गेली आहे हे फुटलं असतं, तर दिराने दुसऱ्या दिवशी किल्ल्या त्या दुकानदाराच्या हातात ठेवल्या असत्या, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नसतं. तिच्यापाशी हाताच्या चवीशिवाय होतं काय? एक ते हॉटेल, आणि शाळा बंद म्हणून दिवसभर भटारखान्यात स्टुलावर बसून पाय हलवणारी मुलगी.

अंदाजाने रांधायला गेली आणि पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. रश्श्यात मीठ दोनदा पडलं. दुसऱ्या दिवशी भीतीने हात आखडला, तर रस्सा पाणचट झाला.

"वहिनी, जरा बघून," दीर दारातूनच म्हणाला. तो कधी आवाज चढवत नसे. "लोक बोलायला लागलेत."

"बघते," ती म्हणाली. कशाने बघणार होती, देव जाणे.

त्या दिवशी पातेलं उतरवल्यावर हाताने सवयीने वाटी भरली आणि फळीवर ठेवली. ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं. तिला रडू फुटलं. मुलीने बघू नये म्हणून ती मोरीवर जाऊन भांडी घासत बसली. परत आली तेव्हा वाटी रिकामी होती. शेजारी मिठाची बरणी होती.

दालनाला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला. खिडकीतून डोकावली तर आत टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, बंद पडद्यांमधून येणारा मळकट उजेड, आणि फरशीवर धुळीचा सारखा थर. त्यावर मांजराचंही पाऊल नव्हतं.

तिने चिमूटभर मीठ घातलं. वाटी पुन्हा भरून ठेवली आणि मुद्दाम पाठ फिरवली. वळून पाहिलं तेव्हा वाटी पालथी होती.

संध्याकाळी दीर हसत आत आला. "आज कसं, अगदी पहिल्यासारखं! ती समोरची निवृत्त बाई, शाळेत शिकवायची ती, पुन्हा मागायला आली होती."

तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटला तो आधार. माणूस गेला तरी खिडकी सोडून गेला नाही, असंच तिच्या मनाने घेतलं. रोज पातेलं उतरायचं, वाटी जायची, कधी लिंबू यायचं, कधी मिरपूड. ती हळूच म्हणायची, "अहो, आज रस्सा दाट झालाय का?" उत्तर येत नसे. पण तो तरी कुठे उत्तर द्यायचा?

पार्सलांची रांग कोपऱ्यापर्यंत गेली. माणसं एकमेकांपासून अंतर राखून, तोंडं झाकून, निमूट उभी राहायची. मुलगीही सुधारली. जेवताना छप्पन्न नखरे करणारी पोर ताट चाटूनपुसून स्वच्छ करू लागली. आईला आणखी काय हवं!

एके दिवशी वाटीशेजारी व्हिनेगरची बाटली आली.

ती बाटलीकडे बघतच राहिली. व्हिनेगरच्या नुसत्या वासाने तिचा नवरा टेबलावरून उठायचा. लोणच्याची बरणी उघडली तरी खोली सोडायचा. गिऱ्हाइकांसाठी आणलेली ती बाटली दालनातल्या कपाटात तळाशी होती, आणि तिला हात लावायचं काम तो नेहमी भावाला सांगायचा.

"अहो," ती खिडकीशी तोंड नेऊन म्हणाली, "तुम्हीच आहात ना?"

आत काही हललं नाही. खिडकीतून आलेली हवा मात्र थंड होती, आणि ती थोडी थोडी, थांबून थांबून येत होती.

तिने वाटी उचलली. आजवर तिने कधी नीट पाहिली नव्हती. उष्ट्या वाटीला काठाशी ओघळ असतो, तळाशी ओल असते. ही कोरडी होती, दुकानातून नुकती आणल्यासारखी.

म्हणजे हा तो नव्हता. गेल्यापासून तिच्या नवऱ्याने एकदाही वाटी चाखली नव्हती. ती इतके दिवस परक्याच कुणाला तरी "अहो" म्हणत होती. या विचाराने तिला भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली, आणि त्याहून जास्त पोरकं वाटलं. मग तिने डोळे पुसले आणि व्हिनेगर घातलं. बाहेर रांग लागली होती.

पुढच्या आठवड्यात वाटीशेजारी एका बशीत भिंतीचा गिलावा आला, नखाने खरवडून काढल्यासारखा, पांढरा चुरा. हे मात्र तिने केराच्या टोपलीत टाकलं. मीठ-मिरपूड आपल्या मनाने घातली आणि पार्सलं पाठवली. दुपारी दीर पडलेल्या चेहऱ्याने आला. त्याच्या दोन्ही हातांत परत आलेली पार्सलं होती.

"तोंडात धरवत नाही म्हणतात. वहिनी, असं झालं तर मी कुठवर खिंड लढवू? शेजारचा आजही विचारून गेला."

दुसऱ्या दिवशी चुरा पुन्हा आला, तेव्हा तिने तो घातला. औषधाच्या गोळ्यांत तरी खडूच असतो की, असं स्वतःला बजावलं. एकदा पाऊल घसरलं की पुढची पायरी सोपी असते. पार्सलं संपली. कुणी विचारलं तर दीर मान ताठ करून सांगायचा, "आमच्या वहिनीचा हात आहे तो."

मग काळी गोळी येऊ लागली. मिरीपेक्षा मोठी, ओली, चकाकणारी. दालनात तशी कुठलीच वस्तू नव्हती. तिने ती नाकाशी धरली. काही नाही. बोटांना मात्र ती किंचित कोमट लागली.

मुलगी स्टुलावरून उतरून जवळ आली. "आई, काय आहे गं? काय मस्त वास येतोय!"

"हात लावू नकोस," ती ओरडली. मुलगी दचकून मागे सरली, पण तिची नजर आईच्या बोटांवरून हलली नाही. घरी त्या पोरीने दूध पिणं सोडलं होतं. आजीने पाठवलेली बिस्किटं तशीच पडून होती. "हॉटेलातलंच दे," एवढंच म्हणायची.

आईने गोळी रश्श्यात सोडली. आपण चूक करतोय हे तिला पक्कं कळत होतं. पण चूक केवढी आहे, ते मोजायला तिच्यापाशी नाक नव्हतं.

अखेर दालनं उघडायची परवानगी आली. निम्मी टेबलं मांडायची, मधली रिकामी ठेवायची, जेवायला बसेपर्यंत मास्क काढायचा नाही. दीर सकाळपासून लहान मुलासारखा नाचत होता. पडदे उघडले, धूळ झाडली, खुर्च्या उतरवल्या.

इकडे रस्सा तयार होता. वाटी पालथी पडली होती. ती पळी विसळायला मोरीशी वाकली आणि थबकली.

लिंबाचा वास. भांडी घासायच्या साबणाचा.

तिने साबणाची वडी दोन्ही हातांत धरून नाकाला लावली. हसली, रडली. मग कांदा हुंगला, लसूण हुंगला, स्वतःचा पदर हुंगला. सगळं जागच्या जागी परत आलं होतं.

मग ती पातेल्याकडे वळली.

झाकण काढल्याबरोबर तिला ओकारी आली. वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीच्या तळाचा तो वास होता, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, कुजत गेल्यावरच येतं तसं गोड. तरी तिने जिभेच्या टोकाला थेंब लावला, आणि मोरीत थुंकून बराच वेळ चुळा भरत राहिली. हे तिने शहराला घातलं होतं. हे मुलीला भरवलं होतं, मांडीवर घेऊन.

तिने पातेलं ओतून दिलं. नवं ठेवलं. बटाटे, मटण, कांदा, मीठ. स्वतः चाखलं, पुन्हा चाखलं. इतका चांगला रस्सा तिच्या हातून कधी झाला नव्हता. खिडकीवर वाटी ठेवली नाही.

खिडकीतून तिने दालनात पाहिलं. टेबलं भरली होती. दिराने ताटं वाढली. समोरची शिक्षिका नेहमीच्या खुर्चीत होती. मुलीला तिच्याच टेबलावर बसवलं होतं, खास पाहुणी म्हणून.

सगळ्यांनी मास्क उतरवले.

आणि तो वास आला. भटारखान्यातून नव्हे, तो दालनाकडून येत होता. माणसं बोलत होती, हसत होती, आणि प्रत्येक श्वासागणिक वास दाट होत होता.

लोकांनी पहिला घास घेतला. हसणं थांबलं.

"वहिनी," दीर खिडकीशी येऊन कुजबुजला. त्याच्या तोंडालाही तोच वास होता. "काय घातलंत यात? गिळवत नाहीये."

"काही नाही," ती म्हणाली. "आज काहीच घातलं नाही."

दालनात कुणी तक्रार केली नाही. कुणी उठलं नाही. माणसं चमचे धरून, काहीतरी हरवल्यासारखी, टेबलावर इकडेतिकडे पाहत होती.

शिक्षिकेने टेबलावरची फुलदाणी जवळ ओढली. दालन बंद झालं तेव्हाचीच ती. घाईत दिराने नुसती पुसून ठेवली होती. वाळलेली देठं तिने काढली, रुमालावर नीट ओळीने मांडली, आणि तळाचं हिरवं, बुळबुळीत पाणी रश्श्यात ओतून ढवळलं. चमचाभर चाखलं. तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

शेजारी बसलेल्या मुलीने आपलं ताट पुढे सरकवलं.

"बाई," ती अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली, "मला पण द्या ना थोडं."