रतनबाईची बागेसरी

तो फोनो आता जरा राहू दे. मघापासून बघतोय, एक तबकडी अर्धी होत नाही तोवर तुम्ही दुसरी लावता, मग परत पहिली. ताडून बघायला माझी ना नाही. माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं. पण आमच्या एका माणसाचं काय झालं ते ऐका, आणि मग खुशाल रात्रभर लावत बसा. माणूस माझ्या ओळखीचा आहे. अजून हयात आहे, कुसगावला गेलात तर दिसेल. मात्र त्याच्यापाशी हा विषय काढू नका.

कोंडाजी त्याचं नाव. घरची भातशेती. त्या संध्याकाळी तो साध्या कामाला निघाला होता. लोणावळ्याच्या बाजारातून कुसगावला घरी जायचं, एक तबकडी घ्यायची आणि परत यायचं. तीन वर्षांमागचा मार्गशीर्ष. दत्तजयंती होऊन दहा दिवस झालेले, म्हणजे वद्य दशमी. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार. वार गुरुवार.

गुरुवारी बजरंगशेठच्या भांड्यांच्या दुकानामागे आमची बैठक असायची. शेठचा मोठ्या कर्ण्याचा फोनो होता. दुकान बंद झालं की चार-पाच जण जमायचे. आमची एक पद्धत होती, तिला आम्ही जोड लावणं म्हणायचो. एकाच रागाच्या दोन गवयांच्या दोन तबकड्या घ्यायच्या, पाठोपाठ ऐकायच्या, आणि मग भांडायचं. भांडण असं की बाहेरच्याला वाटावं जमिनीचा वाद आहे. त्या जुन्या तबकड्यांत गाणं संपलं की गाणारा स्वतःचं नाव सांगायचा, कारण तबकड्या परदेशात तयार व्हायच्या आणि आवाज कुणाचा ते तिथल्या लोकांना कळायला हवं. आमच्यात ज्याची तबकडी सरस ठरेल ती पुन्हा एकदा शेवटपर्यंत लावायची, आणि नाव आलं की सगळ्यांनी कानाची पाळी धरायची. गुरूचं नाव घेताना धरतात तशी. मग चहा.

कोंडाजी कायम दाराशी बसायचा. त्याला कारण होतं. वीसेक वर्षांपूर्वी त्यानं पुण्याहून रतनबाईला आणलं होतं. ती गाणारी. लग्नाची नव्हे. भावांनी त्याला वेगळं काढलं आणि गावानं तिला जे म्हणायचं ते म्हटलं. बैठकीतली आमची मंडळी शिकलेली, मोठ्या मनाची वगैरे. पण त्याच्या घरचं पाणी कुणी कधी प्यायलं नाही. 'घरचं बरं आहे ना?' एवढंच विचारायचे. तिचं नाव कुणाच्या तोंडून यायचं नाही. मला याचा राग यायचा आणि कोंडाजीला तर फार लागायचं. एकदा चालता चालता तो मला म्हणाला, "भाऊ, या लोकांनी येक डाव रतनच्या नावाला कान धरावा. मंग मला काय बी नको."

आणि तिचं नाव ऐकायला जागा एकच उरली होती. घशाच्या दुखण्यानं तिचा आवाज पार गेला होता. पाणी मागायचं तरी नुसते ओठ हलायचे. पण पोरवयात तिनं एक तबकडी भरली होती, बागेसरीची. मधला कागद हाताळून पांढरा पडलेला, त्यावर काही वाचता येत नव्हतं. तिचं गाणं आणि तिचं नाव, दोन्ही आता त्या रेघांत. दसऱ्याला कोंडाजी ती एकदाच लावायचा, तीही कोरी सुई घालून. बोथट सुई तबकडी खाते हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही पाळत नाही, तो पाळायचा. ती डोळे मिटून ऐकायची. तबकडी कधी घराबाहेर गेली नव्हती.

त्या गुरुवारी बजरंगशेठनं मुंबईहून नवी बागेसरी आणली. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेठ म्हणाला की हिला जोड मिळणार नाही, सोडा नाद. दाराशी बसलेला कोंडाजी उठला. जोड हाय, आनतो, म्हणाला आणि निघाला.

घरी दिवेलागण झाली होती. रतनबाई तापानं पडून होती आणि शेजारची झुंबरबाई तिला पेज भरवत होती. कोंडाजीनं पेटीतून तबकडी काढली. रतनबाईनं मान हलवली. नको. तो जवळ गेला तर तिनं त्याच्या धोतराचा सोगा धरला. त्यानं बोटं हळूच सोडवली.

"आज तुजं नाव घेत्याल समदे," तो म्हणाला. "आत्ता येतो."

मी त्या रात्री गावात नव्हतो. हे पुढचं मला कोंडाजीनं सांगितलं आणि बजरंगशेठनं सांगितलं. दोघांचं सांगणं तंतोतंत जुळतं.

आधी शेठची तबकडी झाली, मग रतनबाईची लागली. कोवळा, स्वच्छ आवाज. दुकानातली पितळेची भांडीही ऐकतायत असं वाटलं, म्हणतो शेठ. द्रुतात एक तान अशी येते की ती वर चढते, वरच्यावर वळते, आणि तुम्ही अजून वाट बघत असता तोवर समेवर येऊन बसलेली असते. रेल्वेच्या वीज-इंजिनांच्या शेडमधला हौशीराम एरवी कशालाच दाद द्यायचा नाही. त्यानं मांडीवर थाप मारली आणि "परत!" म्हणाला.

शेठनं सुई उचलून बोटभर मागे ठेवली. तान पुन्हा आली. मग ताडून बघायला स्वतःच्या तबकडीतली तशीच जागा लावली. मग परत रतनबाईची. कुणी म्हणे वळण बघा, कुणी म्हणे वळणात काय आहे, उतरणं बघा. पुन्हा उचल, पुन्हा ठेव. यात कुणाच्या मनात पाप नव्हतं, हे लक्षात ठेवा. प्रेमच होतं. तहान लागल्यासारखं झालं होतं त्यांना. सुई बदलायची शुद्ध कुणाला राहिली नाही, कोंडाजीलाही नाही. उलट तोच म्हणायचा, अजून एकदा लावा. वीस वर्षं दाराशी बसलेला माणूस तो, आणि आज सगळे त्याच्या रतनचं गाणं मागत होते. त्याला थांबवावंसं वाटेलच कसं?

दर वेळी सुई तानेनंतर लगेच उचलली जायची. शेवट कुणी येऊच दिला नाही.

बऱ्याच वेळानं बजरंगशेठनं हात जोडले. "कोंडाजी, हरलो आम्ही. आता शेवटपर्यंत लावू. रतनबाईंचं नाव ऐकू."

रतनबाई. शेठच्या तोंडून. कोंडाजीचे डोळे भरून आले. शेठनं फोनोला पुरती चावी दिली. सगळे सरसावून बसले, बोटं आधीच कानांपाशी.

तबकडी फिरू लागली.

तान जवळ आली. तिच्या आधी एक श्वास ऐकू आला. असा श्वास त्या तबकडीत नव्हता. इतक्या वेळा ऐकली होती, नव्हताच. हौशीरामानं शेठकडे पाहिलं. शेठनं कर्ण्याकडे.

तान वर चढली. वळली...

आणि थांबली.

तबला वाजत होता. सारंगी वाजत होती. सारंगी थोडी पुढे जायची, वाट बघायची, मागे यायची. आवाज नाही. नुसती साथ. कुणी हललं नाही. बोटं कानांना तशीच.

नावाची जागा आली.

... ... ...

कर्ण्यातून कुणीतरी श्वास सोडला. लांब. मग खरखर. मग तीही नाही.

"सुई बोथट झाली असेल," शेठ म्हणाला.

कोंडाजीनं तबकडी फडक्यात गुंडाळली आणि निघाला. चहा नाही, राम राम नाही. बाजार संपला, दिवे संपले. रेल्वेच्या कडेनं कुसगावची वाट. भात काढलेल्या खाचरांवर धुकं बसलेलं. कंदिलाचा उजेड पायापुरता. तबकडी बगलेत होती. इतका वेळ वाजून ती कोमट झाली असावी, असं त्याला आधी वाटलं. पण ऊब तबकडीची वाटत नव्हती. अंगाची असते तशी होती. आणि ती कमी होत होती. नाल्यापाशी कमी. बांधापाशी आणखी कमी. तो पळू लागला. घर दिसलं तेव्हा बगलेत बर्फ धरल्यासारखं झालं होतं.

दार उघडं. आत दिवा जळत होता. झुंबरबाई आत नव्हती. बाहेर ओट्यावर बसली होती, पदराचा बोळा तोंडात धरून.

तो ओट्यापाशी येऊन थांबला. तिनं बोळा काढला.

"बाई गेली, भाऊ."

त्यानं कंदील खाली ठेवला.

"गायली," झुंबरबाई म्हणाली. "आन् मंग गेली."

"मावशी... तिला आवाज कुटं हुता?"

"न्हवता. मला ठावं न्हाई व्हय? पन उठून बसली आन् गायली. लहान पोरीवानी आवाज. तेवढंच, येवढं येवढं. येका जागी आलं की चाकूनं कापल्यावानी तुटायचं. मंग थोडा येळ गप. मंग पुन्यांदा तितनंच. पुन्यांदा. दम घेऊ देत न्हवतं तिला, भाऊ."

"कोन?"

"मला काय दिसलं न्हाई. म्या तिचं तोंड हातानं मिटाया गेले. मिटंना. डोळ्यांनी मला सांगत हुती, थांबीव म्हून. डोळ्यांतनं पानी गळत हुतं आन् तोंड गात हुतं... म्या कुनाला थांबवू?"

तिनं आत दिव्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "शेवटाला येक दम घेतला. मोठा. वर गेली... आन् तितंच ऱ्हायली."

कोंडाजी आत गेला. ती बसलेलीच होती, भिंतीला टेकून. तोंड उघडं. ते मिटलं नाही. सकाळी तिला तसंच न्यावं लागलं.

बजरंगशेठ आणि हौशीराम अंत्ययात्रेला आले होते. कोंडाजीच्या घरी पहिल्यांदा. मीही पोचलो तोवर. चितेपाशी शेठनं कानाची पाळी धरली, पण नाव त्याच्या तोंडून फुटेना. नुसता रडत राहिला. कोंडाजी रडला नाही. त्यानं आमच्याकडे पाहिलंही नाही. बैठक त्या दिवशी मोडली ती मोडलीच. कुणी ती पुन्हा भरवायला गेलं नाही, आणि बरंच झालं.

तेराव्यानंतर मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, माणूस एकटा आहे. तो फोनोपुढे बसला होता. म्हणाला, गाणं नको, ते ऐकायची हिंमत न्हाई. शेवटाला ती नाव सांगती, तेवढं येकदा ऐकतो. कोरी सुई घातली. टेकवायची मात्र मला सांगितली. मी ती शेवटाकडे, मधल्या कागदाच्या थोडी अलीकडे टेकवली.

सुई घसरली. थेट मधल्या कागदाला जाऊन टेकली. आवाज नाही. खरखरसुद्धा नाही.

मी पुन्हा ठेवली, या वेळी पार कडेला. पुन्हा तेच.

तबकडी दारात उजेडाला नेली. झिजलेली तबकडी कशी होते ते मला चांगलं ठाऊक आहे. पांढुरकी पडते, चरे पडतात, कडा खरबरीत लागतात. ही तशी नव्हती. काळी, चकचकीत, नवीकोरी. कोंडाजी माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काहीतरी सांगावं म्हणून. मी चष्मा पुसला. तिरकी धरून पाहिली. मग कडेपासून मधल्या भोकापर्यंत सावकाश बोट फिरवलं.

बोटाला एकही रेघ लागली नाही.