कोरी जागा

तरुणपणी मुंबईच्या प्रयोगशाळेत आम्ही बारा मुली ओळीनं सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसायचो, कणांच्या खुणा मोजायचो. निवृत्त होऊन पळसदरीला आले, तर कुंभिवलीजवळच्या नव्या लेझर-प्रयोगशाळेनं पुन्हा बोलावलं. आता मोजायला यंत्र आहे, पण ते ताडून बघायला जुना डोळा लागतो.

निर्वात पेटीत वायूचा बारीक फवारा सोडतात, त्यावर लेझरचा झोत मारतात. आयन सुसाट सुटतात आणि समोरच्या प्लास्टिकच्या प्लेटवर आदळतात. प्लेट कॉस्टिक सोड्यात गरम केली की प्रत्येक आयनाचा खड्डा दिसतो. वडील खळ्यावर भात मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत. मीही तशीच मोजते: लाभ, दोन, तीन.

पेटीतली फवाऱ्याची तोटी बदलायचं काम माझ्या भावाच्या नातीकडे, अक्षदाकडे होतं.

मार्गशीर्षात एका प्लेटवर खड्ड्यांच्या मधोमध कोरी जागा दिसली. नखाएवढा पाठमोरा माणूस. आयनांच्या वाटेत कुणी उभं राहिल्यासारखा.

"तोटीला कायतरी चिकटलं असंल," अक्षदा म्हणाली.

"आज नको उघडूस."

"आज्जी, आत हवासुद्धा नाय गं. तुझं भूत श्वास कशानं घेणार?"

तिनं पेटी उघडली, आत वाकून सगळं पुसलं. काही नव्हतं.

दुपारच्या प्लेटवर तो माणूस नव्हता. त्याच्या जागी वेणी घातलेली मुलगी होती. झोत मारला तेव्हा अक्षदा माझ्याशेजारी बसून डबा खात होती.

संध्याकाळी तिला ताप भरला. कडावला घरी नेली.

प्रत्येक प्लेट दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायची, ही माझी सवय. मोजली. चारशे बारा खड्डे जास्त. मुलीच्या उजव्या हाताची जागा भरून गेली होती. प्लेट रात्रभर कपाटात होती.

अक्षदाच्या आईचा फोन आला. "आत्याबाई, पोरीचा उजवा हात उचलत नाय."

विश्वास बसेना म्हणून तिसऱ्यांदा मोजली. आता प्लेटवरच्या मुलीच्या पायांची जागाही भरली होती.

तासाभरानं पुन्हा फोन. तिला उभं राहता येईना.

प्लेट फोडायचा धीर झाला नाही. फडक्यात गुंडाळून खणात ठेवली आणि मोजणं थांबवलं. तीन दिवस फोन आला तो बऱ्या बातमीचाच. अक्षदा पेज पिते, बोलते, मला हसते.

चौथ्या दिवशी खण रिकामा होता.

"प्लेट मी घेतली, बाई," प्रयोगशाळेचे प्रमुख जगदीश सर म्हणाले. "आकडे जुळत नव्हते. म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्यावी."

"कुणाकडून?"

"मोजणीला नव्यानं आलेल्या ललिताकडून. सकाळीच झाली मोजून. तुम्ही लिहिलेली ती कोरी जागा तिला कुठं दिसलीच नाही."