मारुतीरावांचा छापील शर्ट

"बाबांनी दोन दिवस तोंडात घास घातलेला नाही," पूर्णिमा ढवळे म्हणाली आणि पर्समधून घडी घातलेलं एक पत्रक काढून तिने टेबलावर ठेवलं. "उद्या चार वाजता मिलच्या गेटवर मीटिंग आहे. त्यांना कामगार समितीच्या अध्यक्षपदावरून काढणार."

अरुंधती लघाटेंनी पत्रक उलगडलं. मल्हारगंजातल्या त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात खालच्या टेम्पोंचे भोंगे सतत घुसत होते. दिवाकर पुराणिक खुर्ची ओढून जवळ आले. नऊ वर्षांपूर्वी मिल बंद पडली, तोवर ते तिथे टाइमकीपर होते; आता अरुंधतीबाईंच्या तपासात मदत करत. त्यांना गोष्टी उशिरा कळत, पण मिलमधला प्रत्येक माणूस त्यांच्या ओळखीचा होता.

पत्रकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : 'हा पाहा आपला नेता!' खाली फोटोची झेरॉक्स. एका हॉटेलच्या वेलींनी भरलेल्या भिंतीपुढे, मिलची जमीन मागणाऱ्या बिल्डरचा मॅनेजर आणि शेजारी मारुतीराव ढवळे.

"मारुतीने शर्ट झकास घेतलाय. पानापानांचा," दिवाकर म्हणाले.

"काका, बाबांनी जन्मात छापील शर्ट घातला नाही. मिलचं पांढरं कापड, बस्स. आणि त्या हॉटेलची पायरीही ते चढलेले नाहीत."

"पण चेहरा त्यांचाच आहे?"

"त्यांचाच. तेच तर ना!" पूर्णिमाचा आवाज फाटला.

"अलीकडे त्यांचा फोटो कोणी काढला होता?"

"दिवाळीत, मिलच्या गेटवरच्या धरण्यावर. ग्रुप फोटो. बाबांच्या खिशात राहून त्याला बरोबर त्यांच्या चेहऱ्यावरून घडी पडली. बॅनरसाठी दुरुस्त करून हवा होता, म्हणून त्यांनी निशांत सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दिला."

अरुंधतीबाई उठल्याच. "चला, पुराणिक. उद्याचे चार फार लांब नाहीत."

क्लासमध्ये तीन कॉम्प्युटर होते आणि भिंतीवर एक तक्ता : 'मोफत प्रोग्रामांची तुलना'. निशांतने मासिकासोबत आलेल्या सीडीवरून ते उतरवून घेतले होते. महागड्या परदेशी प्रोग्रामशिवायही चित्रांचं काम होतं, हे त्याला मुलांना दाखवायचं होतं. प्रोग्राम तपासून पाहायला त्याने धरण्याचाच फोटो घेतला होता.

"हे इमेजमॅजिक," त्याने तक्त्याखालचा पहिला प्रिंट दाखवला. "यात ब्रश नाही. हुकूम टाइप करायचा, तो अख्ख्या चित्राला लागू. शंभर फोटो मिनिटात लहान करून देतं. पण घडी घालवायला गेलं की सगळंच धूसर होतं. क्लासमधल्या सुरभीने केलंय."

त्या प्रिंटमध्ये गेट होतं, माणसं होती. मारुतीरावांच्या चेहऱ्यावर घडीची फिकट रेघ अजून होती.

"आणि हे गिम्प. माझं काम. वेळ लागतो, पण जिथे हवा तिथेच हात फिरवता येतो." दुसऱ्या प्रिंटमध्ये मारुतीराव एकटेच, स्वच्छ, पांढऱ्या पार्श्वभूमीवर उभे होते. घडीचा मागमूस नव्हता.

दिवाकरांनी पत्रक त्याच्या नाकासमोर धरलं. "यातही घडी नाही, भिया! म्हणजे हा माणूस तुमच्याच चित्रातून उचललाय."

निशांतचा चेहरा उतरला. "हो. पण मी नाही केलं."

"तुमची मूळ फाइल दाखवा," अरुंधतीबाई म्हणाल्या.

त्याने उघडली. चित्र थरांचं होतं. एका थरावर कडेकडेने कापलेले मारुतीराव, खालच्या थरावर कोरा पांढरा रंग. त्याने खालचा थर बंद केला. मारुतीराव तसेच राहिले, शर्टासकट.

"ही थरांची फाइल माझ्या पासवर्डखाली असते. सगळे थर एक करून सपाट केलेली कॉपी कॉमन फोल्डरमध्ये आहे, बॅनरवाल्यासाठी."

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर सुरभी भोपे बसली होती. वीस-एकवीस वर्षांची. मान वर न करता टाइप करत होती.

"तू गिम्प वापरतेस?"

"नाही, मॅडम. मेरे से नहीं होता. माऊस धरला की हात हलतो. मतलब, मी कमांडवालीच. दोन ओळी टाइप केल्या, काम खतम."

"पत्रक पाहिलंस?"

"घरी पाहिलं. बाबांनीच वाटली ना ती."

तिचे बाबा म्हणजे समितीचे चिटणीस लक्ष्मण भोपे. ते मिलच्या गेटवर सापडले. गेली नऊ वर्षं थकलेल्या देण्यांसाठी तिथे धरणं चालू होतं आणि सकाळ-संध्याकाळ ते तिथेच सापडत.

"फोटो सोमवारी समितीच्या पेटीत पडला होता," ते म्हणाले. "माझं मन मानेना, मॅडमजी. तीस वर्षं एका खात्यात होतो आम्ही. मग शर्ट पाहिला. मारुती असा शर्ट शिवेल? बिल्डरनेच दिला असणार. त्या शर्टाने माझी खात्री पटली, और क्या!" त्यांचे डोळे लाल होते. "मी स्वतः झेरॉक्स काढून वाटल्या."

परतताना दिवाकर घाईने म्हणाले, "निशांतच! गिम्प त्याचं, चित्र त्याचं."

"पुराणिक, तो शर्ट पुन्हा बघा. मागच्या भिंतीवरची वेल कुठून सुरू होते?"

दिवाकरांनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं. वेलीची एक फांदी मारुतीरावांच्या दंडाशी येत होती, शर्टावरून सरळ जात होती आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होती.

"अरे देवा," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरुंधतीबाईंनी सगळ्यांना क्लासमध्ये बोलावलं. पूर्णिमा दाराशी उभी राहिली. लक्ष्मण बसायला तयार नव्हते.

"मारुतीरावांच्या अंगावर छापील शर्ट नाही," अरुंधतीबाई म्हणाल्या. "शर्टाच्या जागी भोक आहे. त्यातून मागची भिंत दिसते."

"भोक?" लक्ष्मण म्हणाले.

"कोणीतरी कॉम्प्युटरला सांगितलं, या चित्रातलं पांढरं तेवढं पारदर्शक कर. पार्श्वभूमी गेली, तसा पांढरा शर्टही गेला. हुकूम अख्ख्या चित्राला लागतो. ब्रशने काम करणाऱ्याने शर्ट वगळला असता."

"पण सर हुकूमही टाइप करू शकतात," दिवाकर म्हणाले.

"करू शकतात. पण कशाला? त्यांच्याकडे मारुतीराव आधीच वेगळ्या थरावर कापून ठेवलेले होते. पांढरं पुसायची गरज फक्त त्याला, ज्याच्या हाती सपाट कॉपीच होती. लक्ष्मणरावांनाही मी सोडलं. ज्याने तो शर्ट घालवला, तो त्याच शर्टाला पुरावा मानेल का? राहिलं कोण? फोल्डर ज्याला मोकळं आहे, गिम्प ज्याला जमत नाही आणि दोन ओळींत काम ज्याचं खतम होतं."

सुरभीने कीबोर्ड बाजूला सारला.

"हॉटेलचा फोटो पेपरमधून स्कॅन केला," ती म्हणाली. "शर्ट गेलेला मला दिसला होता. वाटलं, झेरॉक्समध्ये चालून जाईल."

"बिल्डरने सांगितलं तुला?" लक्ष्मणांचा आवाज ओळखू येईना.

"कोणी नाही सांगितलं! बाबा, मी बारा वर्षांची होते तेव्हा तुम्ही गेटवर बसलात. आईच्या ऑपरेशनला तुम्ही गेटवर. माझ्या रिझल्टला गेटवर. वाटलं, मारुतीकाका हटले की समिती तुटेल. मग तुम्ही घरी याल." तिने डोळे पुसले नाहीत. "पत्रकं तुम्हीच वाटाल, हे नव्हतं वाटलं."

लक्ष्मण खुर्चीवर बसले. पूर्णिमा पुढे झाली. तिचा हात उगारलेला होता. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि खाली आला.

"चारला गेटवर ये," ती म्हणाली. "हे सगळं तिथे सांग."

सुरभीने सांगितलं. तीनशे माणसांसमोर, आधी अडखळत, मग सलग. गर्दीतून शिवी आली. लक्ष्मण हात जोडून मारुतीरावांसमोर उभे राहिले.

मारुतीराव तीन दिवसांच्या उपासाने पिवळे पडले होते. त्यांनी लक्ष्मणांचे हात खाली केले आणि माइकची वाट न पाहता बोलले.

"पोरीला कोणी काही बोलायचं नाही. केलं ते वाईटच केलं. माझं नाव तिने मातीत घातलं. पण आपल्यापैकी किती जणांची पोरं असंच म्हणत असतील, हात वर करा."

मग मागे एक हात वर गेला. मग आणखी एक. दिवाकर गर्दीच्या कडेला होते, त्यांचाही गेला.

"उद्यापासून पाळ्या लावू," मारुतीराव म्हणाले. "मिलमध्ये तीन पाळ्या होत्या, इथे पण तीन. लक्ष्मण, आज तुझी पाळी संपली. पोरीला घे आणि घरी जा."