डाव्या चाकाची चुगली

सोनाबाई जिना चढून आली ती धापा टाकतच.

"ताई, मना मालक चोर नही शे! सांजपर्यंत यंत्र मिळालं नाही तर शेठ त्याला पोलिसात देणार!"

खासगी तपासाची पाटी लावून बसलेल्या सुमन खैरनारने चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिचा आतेभाऊ आणि मदतनीस राकेश याने मात्र आपला आधी संपवला. तपास म्हटलं की त्याला उकळ्या फुटत, पण चहा टाकून उठणं जिवावर येई.

सोनाबाईचा नवरा भगवंत सुरतेच्या भेस्तान भागातल्या एका गॅरेजात मेकॅनिक होता. ठेकेदार मारुतीशेठची परदेशातून मागवलेली गाडी ब्रेकच्या कामासाठी त्याच्याकडे आली होती. त्याने चारही चाकं काढून पुन्हा बसवली. नव्व्याण्णव सालात तशी गाडी त्या भागात एकच. तिच्या चारही चाकांत हवा मोजणारं एकेक इवलंसं यंत्र होतं. हवा उतरली की चालकासमोर पिवळा दिवा लागायचा आणि चाक कोणतं तेही दिसायचं.

गाडी घरी गेली आणि पुढच्या डाव्या चाकाचा दिवा लागला. हवा भरली तरी विझेना. शेवटी टायर खोललं, तर आत यंत्रच नाही! गॅरेजमालकाने भगवंतला त्याच दिवशी घरी बसवलं.

"चल," सुमन म्हणाली. राकेशने स्कूटरला किक मारली.

मारुतीशेठ अंगणातच तणतणत होते. "मी वलसाडच्या साइटवर होतो. परतलो तर हा दिवा! चाकं भगवंतनेच काढली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

राकेशला ते पटलं. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली. तीन चाकांवर पिवळी-लाल बोटं उमटली होती. चौथ्यावर, पुढच्या डाव्या चाकावर, लाल टिळा, त्यात तांदळाचे दोन दाणे चिकटलेले.

"पूजा झालीय," त्याने मोठ्या शोधाच्या थाटात जाहीर केलं. सुमनने त्याच्याकडे चमकून पाहिलं.

ड्रायव्हर रामदास म्हणाला, "मी पोरीच्या लग्नाला नंदुरबारला होतो, ताई. शेठच्या मागोमाग आलो. दिवा तेव्हा लागलेलाच होता."

"गॅरेजमधून गाडी कोणी आणली?"

"मी," मारुतीशेठचा पुतण्या संदीप म्हणाला. पोरगा सुरतेतच जन्मलेला, वराछाच्या होस्टेलात गुजराती पोरांत वाढलेला. "दिवा तर गॅरेजमधूनच चालू हतो, बेन. पछी काकीने कंकू लावलं, बस."

मारुतीशेठच्या पत्नी सुभद्राबाई दारात उभ्या होत्या. "गाडी आली त्याच संध्याकाळी पूजा केली मी. चारही चाकांना माझ्या हाताने हळदकुंकू लावलं. दिव्याचं मला काय कळतंय?"

सुमन एकदम हसली. राकेश सावरून उभा राहिला. ही अशी हसली की कोणाचं तरी आता खरं नाही, एवढं त्याला माहीत होतं.

"शेठ, दिवा खरंच बोलतोय. पुढच्या डाव्या चाकातली हवा गेलीय. फक्त ते चाक आता पुढे डावीकडे नाही."

"म्हणजे?"

"सुभद्राकाकूंनी चारही चाकांना हळदकुंकू लावलं. मग या चाकावर हळद का नाही? कारण पूजेच्या वेळी हे चाक इथे नव्हतंच. हे डिकीतलं जादा चाक, त्यात यंत्र कधी नव्हतंच. बदल पूजेनंतर झाला, आणि भगवंतचं काम पूजेआधीच संपलं होतं."

"मग बदललं कोणी?" राकेशने न राहवून विचारलं.

"टिळा लावून ज्याने ही अदलाबदल लपवली त्याने. रामदासदादा नंदुरबारला होते. शिवाय खान्देशातला माणूस हळद विसरेल का? विसरला तो गुजराती मित्रांच्या घरी नुसता कंकू-चोखा, म्हणजे कुंकू-तांदूळ, पाहत वाढलेला. त्याने कुंकू लावलं, तांदूळ चिकटवले आणि पूजा झाली असं समजला. आपल्याकडे आधी हळद असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. राकेश, डिकी उघड!"

राकेशने आतला गालिचा ओढला. खाली बसकं चाक होतं, आणि त्यावर सुभद्राबाईंच्या बोटांची हळद आणि कुंकू, जसंच्या तसं.

संदीप मटकन पायरीवर बसला. "काका, तुम्ही वलसाडला हता... दोस्तांना घेऊन डुमसच्या किनाऱ्यावर गेलेलो. पंक्चर झालं. तुम्ही गाडीला हात लावायची ना पाडली होती, मनाईच केली होती ना, म्हणून बोललो नाही."

"आणि भगवंतला पोलिसांनी नेलं असतं तर?" मारुतीशेठ गरजले.

भगवंतला बोलावून घेतलं. मारुतीशेठनी त्याच्यासमोरच गॅरेजमालकाला फोन लावून आपली चूक सांगितली. मग भगवंतने पंक्चर काढून चाक जागेवर बसवलं, हवा भरली. गाडी जरा पुढे गेली आणि दिवा विझला. राकेशने तर शिट्टीच मारली.

त्याच्यासोबत आलेली सोनाबाई मात्र फाटकाबाहेरच उभी होती. सुभद्राबाई आतून करंडा घेऊन तिच्यापाशी गेल्या.

"माझ्या घरून तुला चोराची बायको म्हटलं गेलं गं," त्या म्हणाल्या. "आत ये, सोनाबाई."

सोनाबाईने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग फाटक ओलांडून ती आत आली. सुभद्राबाईंनी तिच्या कपाळाला आधी हळद लावली, मग कुंकू. पायरीवरून संदीप बघत होता.